कायोटीपासून पाळीव प्राण्यांना आणि गुराढोरांना खरोखर किती धोका आहे?

चांदणचुरा

आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहतो. घरांच्या रांगेमागे पावसाचे पाणी साठवण्यासाठी केलेले तळे आहे, त्याच्या कडेने पाणकणसे माजलेली आहेत आणि पलीकडून मालगाड्यांचा रूळ जातो. या हिवाळ्यात त्या रुळावरून एक कायोटी (कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातला येथील रानटी प्राणी), कधी दोन, अगदी दिवसाढवळ्या जाताना दिसू लागले आहेत. आमच्याकडे जेमतेम सहा किलोंचा शित्झू जातीचा कुत्रा आहे. शेजारच्या गल्लीतील एक मांजर नाहीसे झाले, ते लगेच कायोटीच्या खाती जमा झाले आणि वसाहतीच्या बैठकीत दोन तट पडले. सापळे लावणारा ट्रॅपर बोलावून सगळे पकडून न्यावेत, असे एका गटाचे म्हणणे आहे. तो बिचारा उंदीर खाऊन जगतो, त्याच्या वाटेला जाऊ नये, असे दुसऱ्या गटाचे.

माझ्या नणंदेने विस्कॉन्सिनमध्ये शेतघर घेतले असून वसंतात ती शेळ्या आणि कोंबड्या आणणार आहे, त्यामुळे प्रश्न केवळ आमच्या कुत्र्यापुरता नाही. येथे जाणकार मंडळी आहेत, म्हणून विचारते: हा धोका खरा आहे की ऐकीव?

बर्फाळ

तुम्ही योगायोगाने अशा ठिकाणी राहता, जिथे शहरी कायोटीचा सर्वांत दीर्घ अभ्यास झालेला आहे. संशोधक स्टॅनली गेर्ट यांच्या नेतृत्वाखाली कुक काउंटीत, म्हणजे शिकागोच्या जिल्ह्यात, २००० सालापासून हे काम चालू आहे आणि आजवर हजाराहून अधिक कायोटींना पकडून, खूण करून किंवा रेडिओ कॉलर लावून सोडण्यात आले आहे. त्यांनी विष्ठेचे १,४०० हून अधिक नमुने तपासले, तेव्हा सुमारे ४२ टक्के नमुन्यांत लहान कुरतडणारे प्राणी, २३ टक्क्यांत फळे, २२ टक्क्यांत हरीण आणि १८ टक्क्यांत ससे आढळले. एका नमुन्यात एकाहून अधिक पदार्थ असू शकतात, म्हणून बेरीज शंभरावर जाते. मांजराचे अवशेष जेमतेम एक टक्क्याच्या आसपास नमुन्यांत होते. याशिवाय आपल्या तळ्याकाठी घाण करणाऱ्या कॅनडा गूज या रानहंसाची अंडीही ते फस्त करतात, ही गोष्ट बैठकीत अवश्य सांगावी.

तुम्हाला दिसणारे दोन प्राणी बहुधा एक जोडपे असेल. येथील स्थिरावलेल्या कुटुंबाचे क्षेत्र सरासरी पाच चौरस किलोमीटरच्या आसपास असते, त्यामुळे चार गल्ल्यांतील चार जणांना दिसलेले चार कायोटी हे पुष्कळदा एकाच घरातले असतात आणि बैठकीत मात्र त्यांची टोळी होते.

तरीही या आकडेवारीवरून कुत्र्यांना धोका नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. विष्ठेतून कळते ते कायोटीने काय खाल्ले एवढेच. कुत्र्यावरचा हल्ला अनेकदा खाण्यासाठी नसतोच; आपल्या हद्दीत शिरलेला दुसरा श्वान म्हणून तो कुत्र्याकडे पाहतो आणि हाकलू पाहतो. जानेवारी ते मार्च हा त्यांचा मीलनकाळ, पिल्ले एप्रिल-मेमध्ये होतात, आणि या काळात ही असहिष्णुता वाढते. मोठ्या कुत्र्याला बिळापासून दूर जाईपर्यंत नुसते मागे चालत ‘पोहोचवून’ येण्यावर भागते. सहा किलोंच्या शित्झूच्या बाबतीत तोच प्रसंग जिवावर बेततो.

ऑरेंजकाउंटीकर

शिकागोचा एक टक्का येथे दक्षिण कॅलिफोर्नियात कोणाला ऐकवू नये. नॅशनल पार्क सर्व्हिसने लॉस एंजेलिसमध्ये स्वयंसेवकांच्या मदतीने असाच विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा दाट वस्तीच्या भागातील सुमारे २० टक्के नमुन्यांत मांजराचे अवशेष मिळाले; शहराच्या कडेच्या, डोंगराला लागून असलेल्या भागात हेच प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे जंगलाजवळ राहणाऱ्यांपेक्षा भर वस्तीतल्या मांजरांवर अधिक बेतले.

कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. येथे बारा महिने उबदार हवा असल्याने मांजरे रात्रंदिवस बाहेर असतात, मोकाट मांजरांच्या वसाहतींना लोक श्रद्धेने खाणे घालतात, आणि ते खाणे खायला कायोटी येतो तेव्हा खाणारी मांजरेही त्याला तेथेच सापडतात. तुमच्याकडे मांजरे हिवाळाभर घरात असतात. ॲरिझोनातील टूसॉन येथे संशोधकांनी रात्री मागावर राहून कायोटी आणि मांजर यांच्या ३६ भेटी प्रत्यक्ष पाहिल्या. त्यांपैकी १९ भेटींत मांजर मेले. कायोटीशी गाठ पडलेल्या मांजराची जगण्याची शक्यता निम्म्याला निम्मी आहे, असे मानून चालावे. ज्यांना मांजर जगवायचे आहे त्यांनी ते घरात ठेवावे किंवा वरून बंद असलेल्या जाळीदार पडवीत सोडावे. याला दुसरा उपाय मला माहीत नाही, आणि घंटा बांधण्यासारखे उपाय केवळ मालकाच्या समाधानासाठी असतात.

उंटावरचा_शहाणा

आधी माणसांचे सांगावे. आमच्या गल्लीत तीन-चार वर्षांची मुले खेळतात. कुत्र्यामांजरांचे पुढे बघू.

बर्फाळ

माणूस दगावल्याच्या नोंदलेल्या घटना उत्तर अमेरिकेत दोन आहेत. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे तीन वर्षांची मुलगी, आणि २००९ मध्ये कॅनडातील केप ब्रेटन हायलँड्स राष्ट्रीय उद्यानात टेलर मिचेल ही १९ वर्षांची गायिका. दुसऱ्या घटनेनंतर गेर्ट यांच्या गटाने तेथील कायोटींचा आहार तपासला, तेव्हा ते प्रामुख्याने मूस या महाकाय हरणावर जगत असल्याचे दिसले. लहान सावज दुर्मिळ असलेल्या त्या भागात त्यांना मोठ्या सावजाची सवय लागलेली होती.

१९६० ते २००६ या काळातील हल्ल्यांची जी मोजदाद अमेरिका आणि कॅनडा मिळून झाली आहे, तीत १४२ घटना आणि १५९ जखमी माणसे आहेत. याच अमेरिकेत कुत्रा चावण्याच्या घटना वर्षाला पंचेचाळीस लाखांच्या घरात असल्याचा अंदाज दिला जातो. लहान मुलांना एकटे सोडू नये हे खरेच. पण हल्ल्यांपैकी बऱ्याच ठिकाणी आधी कोणीतरी त्या कायोटीला खायला घालत होते असे आढळले आहे, म्हणून गल्लीतील मुलांची काळजी असेल तर प्रथम गल्लीतील अन्नदाते शोधावेत.

परळचा_पशुवैद्य

मी मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून पुढे येथे आलो आणि अनेक वर्षे पश्चिम टेक्सासमध्ये मेंढ्या, शेळ्या आणि गुरे यांच्यातच काम केले. वरच्या चर्चेत गुराढोरांचा भाग राहिला आहे, तो थोडा सविस्तर लिहितो, कारण शहरातल्या माणसाची करमणूक आणि मेंढपाळाची पोटाची खळगी यांत येथे मोठे अंतर आहे.

अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१४ सालच्या मेंढ्यांच्या नुकसानीची पाहणी केली होती. तीत सर्व कारणांनी मेलेल्या प्रौढ मेंढ्यांपैकी सुमारे २८ टक्के आणि कोकरांपैकी सुमारे ३६ टक्के भक्षकांनी मारल्याची नोंद आहे; भक्षकांनी मारलेल्या प्रौढ मेंढ्यांपैकी निम्म्याहून अधिक आणि कोकरांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश कायोटीच्या नावावर होती. प्रौढ मेंढ्यांच्या बाबतीत दुसरा क्रमांक पाळीव कुत्र्यांचा लागतो, ही गोष्ट कुत्र्यांच्या मालकांना आवडत नाही. गुरांचे चित्र अगदी वेगळे आहे. २०१५ मधील प्रौढ गुरांच्या मृत्यूंपैकी भक्षकांमुळे झालेले अडीच टक्क्यांहूनही कमी आणि वासरांच्या मृत्यूंपैकी सुमारे ११ टक्के होते. त्या ११ टक्क्यांतही निम्म्याहून अधिक वाटा कायोटीचा असला, तरी वासरे अधिक मरतात ती हगवणीने, फुप्फुसाच्या विकाराने आणि अडलेल्या बाळंतपणाने.

या पाहण्या मालकांच्या सांगण्यावर आधारलेल्या असतात, आणि मालक सकाळी कुरणात जाऊन जे पाहतो त्यावरून बोलतो. अर्धवट खाल्लेले वासरू आणि शेजारी कायोटीची पावले दिसली की निकाल लागतो. आम्ही अशा वासराचे खूर प्रथम पाहतो. नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या खुरांच्या टोकाला मऊ, रबरासारखे पिवळट आवरण असते आणि ते उठून चार पावले चालले की झिजू लागते. आवरण अखंड असेल तर ते वासरू कधी उभेच राहिलेले नाही. मग फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकतो. तो बुडाला तर श्वासच घेतलेला नसतो. पोटात दूध आहे का हेही पाहतो. मृत जन्मलेले वासरू आणि गायीची वार खायला कायोटी हमखास येतो, आणि ते खाल्ल्याचा आळ घेऊन त्याला मारले जाते.

कोकराचे मात्र तसे नाही. कोकराच्या मानेवरची कातडी सोलून उलटली की गळ्याच्या वरच्या भागात, जबड्याच्या अगदी खाली, सुळ्यांची छिद्रे आणि त्यांच्याभोवती साकळलेले काळपट रक्त दिसते. हृदय चालू असतानाच रक्त असे पसरते, म्हणून ते मारल्याची खूण ठरते. मेल्यावर लागलेल्या दातांभोवती रक्त साकळत नाही. कायोटी गळा धरून गुदमरवतो आणि पुष्कळदा बरगड्यांच्या मागून खायला सुरुवात करतो. मोकाट कुत्रे कळपात शिरले तर मागचे पाय, कुशी, कान असे मिळेल तिथे फाडतात, एका रात्रीत अनेक मेंढ्या जखमी करतात आणि खात जवळपास काही नाहीत. गरुडाने मारलेल्या कोकराच्या पाठीवर नख्यांची खोल छिद्रे असतात. कातडी न सोलता बाहेरून पाहून सांगणाऱ्यांवर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

गळा धरण्याच्या या सवयीवरच एक उपाय बेतलेला आहे. मेंढीच्या गळ्यात १०८० या विषाची पिशवी असलेला पट्टा बांधतात आणि गळ्याला चावणारा कायोटीच तेवढा मरतो. काही मोजक्या राज्यांतच, परवानाधारकांनाच तो वापरता येतो. क्रूर आहे, पण नेमका आहे, आणि आमिष लावून जमिनीत पुरलेल्या सायनाइडच्या नळ्यांपेक्षा शतपटीने बरा. त्या नळीमुळे २०१७ मध्ये आयडाहोतील पोकाटेलोजवळ एका मुलाला विषबाधा झाली आणि त्याच्यासोबतचा कुत्रा मेला.

माळरान

मी फलटणकडचा आहे, कायोटी पाहिलेला नाही. आमच्याकडे मेंढरांना भीती असते ती लांडग्याची. धनगर रात्री कळप उघड्यावर ठेवत नाहीत. मेंढवाड्याभोवती जाळीची वाघर लावतात, लहान कोकरे निराळी कोंडतात आणि कुत्री बाहेर मोकळी असतात. तिकडे हजारो मेंढ्यांची कुरणे असताना असे काही करत नाहीत का? आणि शिकार एवढी चालते, तर कायोटी संपत का नाहीत?

परळचा_पशुवैद्य

करतात, आणि जे करतात त्यांचे नुकसान कमी होते. मात्र एका मालकाची जमीन येथे पाच-दहा हजार एकर असते, मेंढ्या कुरणातच वितात आणि गडीमाणूस मिळत नाही. तुमच्या धनगरासारखे कळपाबरोबर चालणारे माणूस येथे महाग पडते. म्हणून पाळीव रक्षक ठेवले जातात. ग्रेट पिरेनीज, अनाटोलियन शेफर्ड, अकबाश, मारेम्मा या जातींच्या कुत्र्यांची पिल्ले काही आठवड्यांची असतानाच मेंढ्यांमध्ये सोडतात, म्हणजे ती कळपाला आपले कुटुंब मानू लागतात. काही जण लामा (उंटाच्या कुळातला प्राणी) किंवा गाढवीण ठेवतात. गाढवाला श्वानवंशाचा उपजत राग असतो. फक्त खच्ची न केलेला नर गाढव ठेवू नये, तो कोकरांनाच इजा करतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथील करदात्यांनाही अजून पचलेले नाही. केंद्र सरकारची वाइल्डलाइफ सर्व्हिसेस ही संस्था अलीकडच्या वर्षांत साठ हजारांच्या आसपास कायोटी दरवर्षी मारते, खासगी शिकार वेगळी. इतके करूनही एकेकाळी पश्चिमेच्या माळरानांवर राहणारा हा प्राणी आज हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहे. लांडगे संपवले गेल्यामुळे त्याला रान मोकळे झाले, हे त्याचे एक मोठे कारण. दुसरे असे की मारल्याने संख्या घटली की उरलेल्यांना अन्न अधिक मिळते, एरवी न विणाऱ्या कोवळ्या माद्या वितात आणि अधिक पिल्ले जगतात. १९७५ मध्ये कॉनली आणि लाँगहर्स्ट यांनी संगणकावर हिशेब मांडला, तेव्हा दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारत राहिले तर ते संपायला सुमारे पन्नास वर्षे लागतील, असे उत्तर आले.

कॅलिफोर्नियातील हॉपलंड येथील संशोधन केंद्रात मेंढ्यांच्या कळपाभोवतीच्या कायोटींना कॉलर लावून पाहिले, तेव्हा कोकरे मारणारे प्रामुख्याने त्या हद्दीचे धनी असलेले जोडपेच निघाले, तेही पिल्लांना भरवण्याच्या दिवसांत. भटके, तरुण कायोटी जवळून जात होते, पण फारसे मारत नव्हते. हिवाळ्यात शंभर भटके मारले तरी वसंतात कोकरे तितकीच जातात, याचा उलगडा त्यावरून होतो. युटामध्ये काही जोडप्यांची नसबंदी करून हद्दीत परत सोडले, तर त्या हद्दीतील कोकरांची हानी घटली. पिल्ले नाहीत, म्हणून मोठ्या सावजाची निकड नाही. आणि जे जोडपे कोकरांना हात लावत नाही, ते आपल्या हद्दीत दुसऱ्यांना येऊ देत नाही. त्याला मारणारा मालक आपल्या खर्चाने एक चांगला राखणदार घालवतो. कॅलिफोर्नियातीलच मॅरिन काउंटीने २००० साली सरकारी शिकाऱ्यांचा करार बंद करून तो पैसा मेंढपाळांच्या कुंपणांना आणि रक्षक कुत्र्यांना द्यायला सुरुवात केली.

माझे मत विचाराल तर, सवय लागलेल्या एका विशिष्ट कायोटीला मारावे लागते, आणि ते काम हळवेपणा न करता करावे. सरसकट मारणे मात्र मला शुद्ध उधळपट्टी वाटते.

चांदणचुरा

सर्वांचे आभार. ट्रॅपरचे दरपत्रक बैठकीत आलेच आहे. पकडून तो त्यांना लांबच्या जंगलात सोडतो, असे आमच्यापैकी बहुतेकांनी गृहीत धरले आहे. हे खरे असते का? आणि कुत्र्यासाठी नेमके काय करावे? आमचे कुंपण चार फुटी आहे.

बर्फाळ

अनेक राज्यांत पकडलेला कायोटी दुसरीकडे सोडायला परवानगीच नसते किंवा फारच क्वचित मिळते. पकडणे म्हणजे बहुधा मारणे, हे दरपत्रकात लिहिलेले नसते, म्हणून बैठकीत स्पष्ट विचारावे. रिकाम्या झालेल्या हद्दीत काही काळाने दुसरे जोडपे येते, आणि त्याचा स्वभाव आधीच्यापेक्षा बरा असेल याची खात्री कोणीही देत नाही.

तुमचा कायोटी दिवसा दिसतो, एवढ्यावरून तो पिसाळलेला ठरत नाही. त्याच्या अंगावरचे केस मात्र नीट पाहावेत. कॅनडातील एडमंटन येथील अभ्यासात खरजेने केस गेलेले कायोटी कचरा आणि कंपोस्टच्या ढिगांवर अधिक अवलंबून असल्याचे आढळले. शिकार जमत नाही, थंडी सोसत नाही, म्हणून ते दिवसाही घरांजवळ रेंगाळतात.

ऑरेंजकाउंटीकर

चार फुटांचे कुंपण कायोटी सहज ओलांडतो. निदान सहा फूट हवे, आणि तेही नुसते उंच असून उपयोग नाही, कारण तो उडी मारण्यापेक्षा वरच्या कडेला पुढचे पाय अडकवून अंग ओढून घेतो. म्हणून वरच्या कडेवर गरगर फिरणारी नळी बसवतात. पाय ठेवताच ती फिरते आणि पकड सुटते. खालून उकरू नये म्हणून जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीखाली फूटभर आडवी वळवून पुरावी.

कुंपण होईपर्यंत पहाटे आणि रात्री कुत्र्याला अंगणातही एकटे सोडू नये, दार उघडून ‘जाऊन ये’ म्हणणे बंद करावे. फिरवताना लांबत जाणारा पट्टा टाळून साध्या सहा फुटी पट्ट्याने बांधावे. कायोटी समोर आला तर लहान कुत्र्याला उचलून घ्यावे, पाठ दाखवून पळू नये, आणि तो निघून जाईपर्यंत ओरडावे, हात उंच करावेत, नाण्यांचा डबा खुळखुळवावा. अर्ध्यावर थांबलात तर माणूस नुसता आवाज करतो, एवढेच तो शिकतो. पिल्लांच्या दिवसांत बिळाजवळ मात्र हे प्रयोग न करता दुसरी वाट धरावी. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रेसिडिओ या उद्यानात तर या काळात काही पायवाटा कुत्र्यांसाठी बंदच ठेवतात. पक्ष्यांचे दाणे, झाडाखाली पडलेली सफरचंदे, ओट्यावर ठेवलेली कुत्र्याची थाळी, हे सगळे उचलावे.

परळचा_पशुवैद्य

लसींचा उल्लेख राहिला. डिस्टेम्पर, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस हे रोग कायोटी आणि कुत्रा यांच्यात सामाईक आहेत. चावा लागला असेल तर जखम बाहेरून लहान दिसली तरी दवाखान्यात न्यावे. लहान कुत्र्याला धरून झटकलेले असते आणि आत बरगड्या किंवा फुप्फुस दुखावलेले असते. रेबीजची लस पूर्वी झालेली असली तरी पुन्हा एक मात्रा देतात.

नणंदबाईंसाठी: शेळ्या विण्याच्या सुमारास त्यांना घराजवळच्या, रात्री बंद होणाऱ्या गोठ्यात आणावे आणि करडे निदान काही आठवड्यांची होईपर्यंत रात्री बाहेर ठेवू नयेत. वार आणि मेलेली करडे त्याच दिवशी खोल पुरावीत, शेताच्या कडेला फेकू नयेत, कारण मांसाची चव तिथूनच लागते. चार-सहा शेळ्यांसाठी रक्षक कुत्रा घेण्याआधी विजेचे कुंपण करून पाहावे. खालची तार जमिनीपासून सहा इंचांहून वर नको, आणि गवत वाढून तारेला टेकू देऊ नये, नाहीतर विजेचा झटका बसत नाही. शेत राज्याच्या उत्तरेला असेल तर तेथे लांडगेही आहेत आणि मग एकट्या गाढविणीच्या भरवशावर राहू नये.

कोंबड्यांच्या बाबतीत कायोटीच्या आधी रकून या हातांसारखे पंजे असलेल्या निशाचर प्राण्याची काळजी करावी. दुकानात ‘चिकन वायर’ म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवण्यापुरती असते, ती रकून हातांनी फाडतो. खुराड्याला अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली जाळी लावावी आणि दाराला साधी कडी न लावता दोन हालचालींनी उघडणारा खटका बसवावा, कारण साधी कडी रकूनला उघडता येते.